सहा लेकरांचा हिशेब

ऑगस्ट २०२४ मधला एक शनिवार. सकाळची शाळा सुटली होती, पोरं फाटकाबाहेर पडली होती, आणि मुख्याध्यापिका बाईंनी मला थांबवून घेतलं. कपाटातून त्यांनी दाखल-खारीज रजिस्टर काढलं, त्याच्यावर संगणकातून छापून घेतलेला एक कागद ठेवला आणि म्हणाल्या, "मॅडम, रजिस्टरात सहावी-सातवीचे तेवीस आहेत. इथं सतराच दिसून राहिले."

सहा लेकरं वर्गात होती, डबा खात होती, पाढे म्हणत होती, पण कागदावर नव्हती. त्या सहांमुळे पुढच्या पाच आठवड्यांत एका शाळेत काय काय झालं, ते मी इथं सविस्तर लिहिते आहे. शाळेचं नाव देत नाही. नागपूरच्या जुन्या विणकर वस्तीतली ती सार्वजनिक शाळा आहे, मराठी माध्यमाची, पहिली ते सातवी. मी जवळच राहते. अनुदानित शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाले, आणि २०२३ पासून या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर स्थानिक शिक्षणतज्ज्ञाची जी एक जागा असते, तिथं आहे.

आधी त्या सतराचा अर्थ. शाळेला किती शिक्षक मिळणार, हे दरवर्षी संचमान्यतेत ठरतं. पट धरतात तो ३० सप्टेंबरचा, आणि त्यातही ज्यांची आधार पडताळणी झाली आहे तेवढ्याच मुलांचा. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं संचमान्यतेचे निकष बदलले. सहावी ते आठवीच्या वर्गांत मिळून २० पेक्षा कमी मुलं असतील तर तिथं शिक्षकाचं पदच मंजूर होत नाही. सतरा म्हणजे शून्य शिक्षक. शिक्षक अतिरिक्त ठरणार, दुसरीकडे त्यांचं समायोजन होणार, आणि सहावी-सातवीची मुलं 'जवळच्या' शाळेत जाणार.

जवळची शाळा होतीच. सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत शाळा हवी असं नियम सांगतात, आणि ती तेवढ्यात बसत होती. पण मध्ये मोठा रस्ता होता, आणि इंदोरा ते दिघोरी उड्डाणपुलाच्या कामासाठी तो ठिकठिकाणी खोदलेला. पत्रे ठोकलेले, ट्रक उलटे येणारे, चिखल. अकरा वर्षांच्या मुलीला रोज दोनदा तिथून एकटी पाठवा म्हटलं तर कुठलीही आई घरी बसवेल. सहावीत पोरगी शाळेतून सुटते ती अशीच. कुणी तिची शाळा बंद करत नाही. एका पावसाळ्यात तिचं जाणंच थांबतं.

या वस्तीबद्दल थोडं सांगायला हवं. इथं एके काळी घराघरांत हातमाग होते. हलबा-कोष्टी समाजाची ही जुनी ठाणी. आता एखाद्या घरातून खटखट ऐकू येते, बाकी ठिकाणी मागाच्या खड्ड्यावर फरशी पडली. पुरुष ऑटो चालवतात, रंगकाम करतात, इतवारीच्या दुकानांत मालाची चढउतार करतात. बाया साड्यांना फॉल-पिको करतात, धुणीभांडी करतात. शाळेची इमारत मजबूत आहे, खोल्या मोठ्या आहेत, अंगणात कडुनिंबाची तीन झाडं आहेत. आजच्या पालकांपैकी कितीतरी जण याच बाकांवर शिकले. त्यांची मुलं मात्र गल्लीतल्या कॉन्व्हेंटात. नागपुरात दोन खोल्यांत भरणाऱ्या इंग्रजी नर्सरीलाही कॉन्व्हेंटच म्हणतात.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मला एक गोष्ट फार लागली होती. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्यानं नियम बदलला. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला गरीब-वंचित मुलांसाठीच्या पंचवीस टक्के राखीव जागांमधून सूट. एप्रिलमध्ये आरटीईचे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालच्या त्या जागांचे, फॉर्म सुरू झाले तेव्हा पालक मोबाइल घेऊन माझ्याकडे यायचे. "मॅडम, फॉर्मवर आपलीच शाळा येऊन राहिली, दुसरी काही निघते का?" आपलीच शाळा टाळायची कशी, हे ते मला विचारत होते. उच्च न्यायालयानं ६ मेला या बदलाला स्थगिती दिली, १९ जुलैला तो रद्दच केला, आणि ते योग्यच झालं. गरिबाच्या मुलाचा खासगी शाळेतला हक्क काढून घेऊन सरकारी शाळा भरत नसते. पण तो प्रश्न माझ्या कानात राहिला. त्या आईबापांना मी दोष देत नाही. ज्या शाळेत गणिताला सर नाहीत तिथं मूल घाला, असं मी कोणत्या तोंडानं सांगू?

समिती कागदावर होती

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या एकविसाव्या कलमानं प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली. तीन चतुर्थांश सदस्य पालक, एकूण निम्म्या बाया, वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. शाळेच्या कामावर लक्ष ठेवायचं, शाळा विकास आराखडा करायचा, अनुदान कुठं खर्च झालं ते पाहायचं. उरलेल्या चौथाईत शिक्षक, माझ्यासारखा कुणी, आणि स्थानिक संस्थेचा निवडून आलेला सदस्य, म्हणजे शहरात नगरसेवक. मार्च २०२२ मध्ये नागपूर महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले, निवडणुका लांबत गेल्या. त्यामुळे ती एक खुर्ची आमच्या समितीत रिकामीच. वस्तीच्या शाळेबद्दल सभागृहात उठून विचारणारं कुणी नव्हतं, कारण सभागृहच नव्हतं.

त्या शनिवारी मी इतिवृत्ताची वही मागून घेतली. सात बैठका नोंदलेल्या. सातही ठिकाणी तेच निळं पेन, तेच वळणदार अक्षर, आणि शेवटी 'वरील सर्व विषय सर्वानुमते मंजूर'. त्यातल्या तीन बैठकांखाली माझी सही होती, आणि मी त्यातल्या एकाच बैठकीला बसले होते. बाकी दोनदा वही घरी आली होती. हे लिहिताना मला आजही वाईट वाटतं.

अध्यक्ष म्हणजे तिसरीतल्या मुलाची आई. घरी शिलाई करते, संध्याकाळी तयार कपडे दुकानात पोचवते. मी तिला विचारलं तेव्हा ती सरळ म्हणाली, "बाई म्हणे सही करा, केली. वाचाले येळ कोनाले हाय?" बाईंचाही दोष काढण्यात अर्थ नव्हता. एक मुख्याध्यापिका, तिच्याकडे दोन वर्ग, शिवाय पोषण आहाराच्या नोंदी, मतदार यादीचं काम, आणि पाच-सहा पोर्टलवर तीच तीच माहिती भरायची. बैठक भरवणं म्हणजे आणखी एक दुपार जाणार. ती बिचारी वही पूर्ण ठेवायची, बैठक राहून जायची.

पुढच्या शनिवारी मात्र बैठक खरोखर बसली. पोळा दोन दिवसांवर होता, तरी बारा जणांतले नऊ आले. बाईंनी सतराचा कागद वाचून दाखवला. मी संचमान्यता समजावून सांगितली. खोली गप्प झाली. मग अध्यक्ष म्हणाली, "मंजे आमच्या पोरीची शाळा एका 'ए'साठी जाऊन राहिली?" कारण त्या सहांतल्या तिघांचा प्रश्न तेवढाच होता. रजिस्टरात नावाचं स्पेलिंग एक, आधारवर एक. एकीच्या नावात आधारवर एक 'ए' जास्त. एकाच्या बापाचं नाव एकीकडे पूर्ण, दुसरीकडे तुटक. यंत्राला ती दोन वेगळी माणसं वाटत होती.

उरलेल्यांपैकी दोघं बहीण-भाऊ. बालाघाटकडून बांधकामावर आलेल्या कुटुंबातले. दोघांचं आधार तान्हेपणी काढलेलं, पाच वर्षांनंतर बोटांचे ठसे द्यायचे ते राहूनच गेले. आणि राहिलेली एक मुलगी कॉन्व्हेंट सोडून आमच्याकडे आलेली. फी थकली म्हणून तिथून दाखला मिळाला नव्हता. दाखल्याला उशीर झाला म्हणून सरकारी शाळेनं प्रवेश अडवायचा नाही, असं कायदा सांगतो, म्हणून ती वर्गात बसत होती. संगणकावर मात्र ती अजून जुन्या शाळेच्याच खात्यात होती, आणि तिथून तिला 'ड्रॉपबॉक्स'मध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत, सोडल्याशिवाय आमच्या शाळेला उचलून घेता येत नव्हतं.

विदर्भात शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात. त्या वर्षी १ जुलैला उघडल्या. ३० सप्टेंबरची तारीख सगळ्या राज्याला एकच. म्हणजे इतरांना साडेतीन महिने मिळाले, आम्हाला तीन. त्यात पोळा, तान्हा पोळा, मारबतीची मिरवणूक, गणपती. मारबतीच्या दिवशी आमच्या भागात शाळा भरवून दाखवा म्हणावं.

त्या सप्टेंबरमध्ये समितीतल्या बायांनी कामं वाटून घेतली. कुणी सांगितलं नव्हतं. एकीचा नवरा आधार केंद्राजवळ चहाची टपरी लावायचा. तो सकाळी सहाला जाऊन नंबर लावून यायचा. स्पेलिंगवाल्या तिघांना अध्यक्ष स्वतः घेऊन गेली. दोन दिवसांची शिलाई बुडाली, त्याचे पैसे तिला कुणी दिले नाहीत. बालाघाटच्या कुटुंबाला गाठायला आम्ही तीनदा साइटवर गेलो. आई विटा वाहत होती, मुकादम बोलू देईना. शेवटी रविवारी भेट झाली. कॉन्व्हेंटच्या ऑफिसात मात्र समितीचा ठराव घेऊन पाच जणी एकदम गेल्या. पहिल्या वेळी क्लार्क जेवायला गेला होता. दुसऱ्या वेळी सर नव्हते. तिसऱ्या वेळी अध्यक्षेनं ठरावाची प्रत टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "भाऊ, फीचं तुमी तिच्या बापासंगं पाहा. पोरीले काहून अडकवून ठेवता?" दहा मिनिटांत काम झालं.

३० सप्टेंबरला पडताळणी झालेली सहावी-सातवीची मुलं बावीस होती. बालाघाटच्या भावाचं अडकलं ते अडकलंच. त्याच्या बोटांचे ठसे उमटेनात. तो आजही शाळेत येतो. वर्गाची दोन्ही पदं राहिली.

दाराची कडी

पट वाचला ही बातमी वस्तीत फिरली, पण मला विचाराल तर त्या महिन्यात त्याहून मोठं काही घडलं. ऑगस्टच्या त्या खऱ्या बैठकीत, पटाचा विषय संपल्यावर, मागे बसलेली एक आई हळूच म्हणाली की मुलींच्या संडासाला आतून कडी नाही. एक मुलगी आत गेली की दुसरी दार धरून उभी राहते. आणि पाचवीच्या पुढच्या मुली शाळेत पाणीच पीत नाहीत. मी या शाळेत आठवड्यातून दोनदा जात होते. मला हे ठाऊक नव्हतं. बाईंना ठाऊक होतं, पण इतक्या कामांच्या ढिगाऱ्याखाली ते दबून गेलं होतं. दोन वर्षं.

समग्र शिक्षा अभियानातून प्रत्येक सरकारी शाळेला वार्षिक संयुक्त अनुदान मिळतं. पट ३१ ते १०० असेल तर २५,००० रुपये, १०१ ते २५० असेल तर ५०,०००. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. हे मी सांगितलं तेव्हा बायांनी पासबुक पाहायला मागितलं. बाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग कपाट उघडून पासबुक टेबलावर ठेवलं. खर्चाच्या नोंदी नीट होत्या, एकही पैसा इकडचा तिकडे नव्हता. फक्त तो कशावर व्हावा हे कधी कुणी विचारलं नव्हतं. सोमवारी सुतार आला. दोन कड्या, चार बिजागऱ्या आणि मजुरी. एका पालक सभेच्या चहा-बिस्किटांपेक्षा तो खर्च जास्त नव्हता.

चौथीतल्या एका मुलीचं असंच. हजेरीपत्रकात तिच्या नावापुढे आठवड्यातून तीन-तीन दिवस गैरहजेरी. शिक्षिका दोनदा घरी जाऊन आल्या होत्या, घराला कुलूप होतं. समितीतल्या शेजारणीला कारण आधीपासून माहीत होतं. आईला कामं मिळालेली, लहान भाऊ अडीच वर्षांचा, तो बहिणीकडे. कुलूप बाहेरून दिसायचं, पोरं आत असायची. अंगणवाडी शाळेच्या आवारातच होती, पण तिथं तीन वर्षांखालच्याला दिवसभर ठेवत नव्हते. बायांनी अंगणवाडी सेविकेशी बोलून त्याला सकाळच्या वेळेत बसवून घेतलं, आणि शाळा सुटली की बहीण त्याला घेऊन घरी. नियमात हे बसतं का, ते मी तपासलं नाही. पोरगी रोज येऊ लागली.

अधिकारी शाळेला भेट देतात, तपासणीचा तक्ता भरतात, ते आवश्यकच आहे. पण कुलपामागे मूल आहे हे तक्त्याला कळत नाही. शेजारणीला कळतं. शाळेच्या कारभारात शेजारणीला हक्काची खुर्ची हवी, ती एवढ्यासाठी.

जे समितीच्या हातात नव्हतं

आता दुसरी बाजू, जी मला अजून झोपू देत नाही.

मंजूर पदं पाच, आणि गणित-विज्ञानाचं पद २०२३ पासून रिकामं. कायद्याचं सव्विसावं कलम म्हणतं की शाळेतली रिक्त पदं मंजूर पदांच्या दहा टक्क्यांवर जाता कामा नयेत. पाच पदांच्या शाळेत एक पद रिकामं म्हणजेच वीस टक्के. लहान शाळेत एकही जागा रिकामी ठेवायची नाही, असाच त्याचा अर्थ होतो. समितीनं तीन वेळा ठराव केला. तीनही वेळा आवक क्रमांक घेतला, त्या पोचा फाइलला लावल्या. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक आली, आमचे दोन शिक्षक त्या कामाला गेले, वर्ग एकत्र बसले. शिक्षक काही आला नाही. मी संध्याकाळी जाऊन अपूर्णांक शिकवू लागले. पण माझी बासष्टी उलटली, आणि शाळा अशी चालवायची नसते.

जून २०२५ मध्ये दोन मुली दाखला घेऊन गेल्या. दोघीही हुशार, दोघींच्या आया समितीवर. ज्या बायांनी सप्टेंबरात वर्ग वाचवला होता, त्यांनीच आपल्या मुली काढल्या. एक मला म्हणाली, "मॅडम, आमी सगळं केलं. सर आनू नाही शकलो." मी तिला थांबवलं नाही.

दीडशे वर्षांपूर्वीपासून ही ओढाताण आहे. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगासमोर जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं, की शेतकऱ्याच्या करातून वरच्या वर्गाचं शिक्षण चालतं, पैसा प्राथमिक शाळांवर खर्च करा. त्याच आयोगानं प्राथमिक शाळा जिल्हा आणि नगर मंडळांकडे सोपवायची शिफारस केली. गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आणलं, तेही स्थानिक संस्थांच्या भरवशावर, आणि ते फेटाळलं गेलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी सक्ती करून दाखवली. आपल्या मध्य प्रांतात १९२० चा प्राथमिक शिक्षण कायदा झाला. पुढे १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमाखाली शिक्षण मंडळं चालली. पुण्यासारख्या शहरांत त्यांच्याकडे स्वतःचं अंदाजपत्रक होतं, शिक्षकांच्या नेमणुका होत्या. त्यात राजकारण आलं, खरेदीचे वाद आले, आणि २०१३ मध्ये राज्यानं ही मंडळं मोडीत काढली.

मंडळांकडे पैसा आणि नेमणुका होत्या, पण तिथं आई नव्हती. आमच्या समितीत आई आहे, पण तिच्या हातात ना पैसा, ना नेमणूक. कडी बसवणं तिला जमलं. शिक्षक आणणं तिच्या अधिकारात नाही. मला वाटतं, पद सहा महिन्यांहून जास्त रिकामं राहिलं तर शाळा समितीला, ठरलेल्या मानधनावर, पात्र उमेदवार स्वतः नेमता यावा, आणि त्याचा पैसा पद ज्याच्या नावे आहे त्यानं द्यावा. यात वशिलेबाजी होईल असं माझे काही जुने सहकारी म्हणतात. होईलही कुठं कुठं. पण ज्या बायांनी पासबुक मागून वाचलं, त्या आपल्या पोरीसाठी नापास मास्तर नेमतील असं मला वाटत नाही.

जानेवारी २०२६ मध्ये महापालिकेची निवडणूक झाली. समितीनं नव्या नगरसेवकाला पत्र दिलं आहे, की आपली खुर्ची चार वर्षं रिकामी आहे, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी या.

त्या पत्राच्या आधीच्या बैठकीत सेमी इंग्रजीचा विषय होता. सहावीपासून गणित-विज्ञान इंग्रजीतून सुरू करावं, म्हणजे कॉन्व्हेंटात जाणारी मुलं थांबतील, असा ठराव. बहुतेकांचा होकार होता. बाईंनी इतिवृत्त लिहून आणलं तेव्हा मी अध्यक्षेशेजारी बसले होते. तिनं पेन हातात घेतलं, पण सही केली नाही. ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचत गेली, आणि शेवटच्या ओळीवर थांबली.

"बाई, इथं सर्वानुमते नोका लिहू. त्या दिवशी दोघी जनी नाही म्हनल्या होत्या. मराठीतून शिकवाले सर नाही, तं इंग्रजीतून कोन शिकवन, असं इचारलं त्यायनं. थे लिहा."

बाईंनी ओळ खोडली, बाजूला सही केली, आणि ते लिहिलं.